धाग्याचा मृत्यू आणि त्याची वर्दी

यंत्रांचा इतिहास म्हटला की बहुधा शोधांचाच इतिहास सांगितला जातो. अमुक साली अमुक यंत्र निघाले, तमुक साली त्यात तमुक सुधारणा झाली, अशी ती कहाणी असते. यंत्रे बिघडली कशी, आणि बिघडण्याची तयारी माणसाने कशी केली, हा दुसरा इतिहास तितकाच बोधप्रद आहे. परंतु तो सभागृहांत क्वचितच ऐकू येतो. त्या इतिहासातील एक लहानसे प्रकरण आज आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत. संगणकाच्या पोटात एकाच वेळी अनेक कामकरी राबत असतात. त्यांतला एखादा काम करता करता कोसळला, तर ती वर्दी कोणी द्यावी, कोणाला द्यावी आणि कोणत्या रूपात द्यावी, एवढाच आमचा प्रश्न आहे. प्रश्न लहान दिसतो. पण त्याचे उत्तर शोधण्यात जाणत्या माणसांची पन्नासाहून अधिक वर्षे गेली आहेत.

प्रथम हे कामकरी कोण ते पाहू. प्रोग्रॅम म्हणजे संगणकाने करावयाच्या कामांची क्रमवार लिहिलेली यादी. ती यादी हाती घेऊन चाललेल्या प्रत्यक्ष कामाला प्रोसेस म्हणतात. प्रत्येक प्रोसेस हे एक स्वतंत्र बिऱ्हाड समजावे. त्याची चूल वेगळी, भांडी वेगळी, कोठी वेगळी. शेजारच्या बिऱ्हाडात दूध उतू गेले तरी आपल्या चुलीला त्याची झळ लागत नाही. परंतु काम मोठे असले की एकाच बिऱ्हाडात अनेक आचारी लावावे लागतात. लग्नघरच्या मुदपाकखान्यात एकजण भात उतरवतो, दुसरा जिलेबी तळतो, तिसरा आमटीला फोडणी देतो आणि सर्वांची कोठी मात्र एकच असते. संगणकातील अशा आचाऱ्यांना थ्रेड, म्हणजे धागे, म्हणतात. सामाईक कोठीमुळे काम झपाट्याने होते, हा धाग्यांचा गुण. त्याच कोठीमुळे एकाच्या चुकीचे फळ सर्वांच्या पानात पडते, हा त्यांचा दोष. या गुणाची आणि दोषाची गाठ सुटत नाही, म्हणूनच आमच्या प्रश्नाला इतिहास आहे.

आरंभ बिऱ्हाडांपासून करू. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचे काम सुरू केले. तिच्यात एक प्रोसेस दुसरीला जन्म देते, म्हणून त्यांना आईबाप आणि मूल असेच म्हणण्याचा प्रघात पडला. मूल प्रोसेस संपली की ती जाताना एक आकडा ठेवून जाते. शून्य असेल तर सारे ठीक, दुसरा काही असेल तर काहीतरी बिनसले. हा आकडा घेण्यासाठी आईबापाने ‘वेट’, म्हणजे थांब, ही आज्ञा वापरावयाची. आईबापाने आकडा घेईपर्यंत मेलेल्या मुलाचे नाव नोंदवहीतून खोडले जात नाही. अशा प्रोसेसला झाँबी, म्हणजे न पुरलेले प्रेत, असे नाव मिळाले. आईबाप आधीच वारले असतील, तर क्रमांक १ ची प्रोसेस त्या अनाथाला पदरी घेते आणि तिचा आकडा आपण वाचते. नावे विचित्र खरी, पण तत्त्व मोठे शहाणपणाचे होते. मृत्यू झाला तर त्याची नोंद राहिलीच पाहिजे आणि ती वाचणारा कोणीतरी असलाच पाहिजे, असे ते तत्त्व.

पुढे धागे आले, आणि गंमत अशी की हे शहाणपण वाटेत सांडले. निरनिराळ्या युनिक्स यंत्रांवर धागे एकाच रीतीने चालावेत म्हणून १९९५ साली त्यांचे प्रमाण ठरवण्यात आले. त्या प्रमाणात ‘जॉइन’ नावाची आज्ञा आहे. वेटचीच ती धाकटी बहीण. धागा संपेपर्यंत थांबावे आणि त्याने ठेवलेली वस्तू उचलावी, एवढे ती करते. परंतु धागा नीट संपण्याऐवजी कोसळला तर? सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये एखाद्या धाग्याने परक्या स्मृतीला हात लावला की कार्यप्रणाली त्या धाग्याला नव्हे, तर सबंध बिऱ्हाडालाच बाहेर काढते. जिलेबीवाल्याने हात भाजून घेतला म्हणून मांडवच उतरवला, असा हा न्याय. यात क्रौर्य आहे, पण फसवणूक नाही. काहीतरी घडले हे निदान सर्वांना कळते.

याच्या अगदी उलट टोकाचे उत्तर एडा भाषेने दिले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या यंत्रसामग्रीसाठी ही भाषा करवून घेतली. झाँ इश्बिया यांच्या हाताखाली तिची रचना झाली आणि १९८३ साली तिचे प्रमाणरूप ठरले. एकाच वेळी चालणारी अनेक कामे भाषेतच असावीत, हा तिचा विशेष. अशा कामाला ती टास्क म्हणते. आता या टास्कमध्ये एखादी चूक उद्भवली आणि तिथल्या तिथे कोणी ती सावरली नाही, तर १९८३ च्या नियमाप्रमाणे ती टास्क मुकाट्याने संपत असे. वर कोणाला वर्दी नाही, घंटा नाही. दुसऱ्या टास्कने तिला हाक मारली, तरच ती गेल्याचे हाक मारणाराला कळावयाचे. तोवर बाकीचे आपापल्या कामात दंग. टास्क संपताना ठरलेल्या माणसाला निरोप जावा अशी सोय त्या भाषेत २००५ च्या आवृत्तीत आली. म्हणजे या मौनाला वाचा फुटण्यास बावीस वर्षे लागली.

वर्दीच्या रूपाचे महत्त्व जगाला फार महागात पडून कळले. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून आरिआन ५ या युरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. अवघ्या ४० सेकंदांत, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, तो आपल्या मार्गावरून वळला, मोडला आणि फुटला. वर क्लस्टर या मोहिमेचे चार उपग्रह होते, तेही गेले. चौकशी समितीचा अहवाल जुलैमध्ये बाहेर आला. अग्निबाणाची दिशा सांगणाऱ्या यंत्रणेत आरिआन ४ साठी एडा भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम तसाच ठेवला होता. त्यात एक मोठा आकडा सोळा बिटांच्या लहान घरात कोंबला जाई. त्या घरात ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही. नवा अग्निबाण जुन्यापेक्षा वेगाने आडवा सरकला, आकडा मावेना आणि चूक उद्भवली. ती सावरणारे तेथे कोणी नव्हते, म्हणून ठरल्याप्रमाणे ती यंत्रणा बंद पडली. तिची राखीव जोडीदारीण याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडली होती.

ही गोष्ट एखाद्या धाग्याची नव्हे, सबंध यंत्रणेची आहे, हे आम्ही जाणतो. पण तिचा पुढचा भाग आमच्या विषयाच्या गाभ्याचा आहे. बंद पडताना त्या यंत्रणेने आपल्या बिघाडाचा तपशील मुख्य संगणकाकडे पाठवला. वर्दी दिली गेली, पोहोचलीही. पण ती त्याच वाटेने आणि त्याच रूपात गेली, ज्या वाटेने आणि रूपात एरवी उड्डाणाची माहिती जाई. मुख्य संगणकाने ती मृत्यूची वर्दी उड्डाणाची माहिती म्हणून वाचली, अग्निबाण भलतीकडे चालला आहे अशी समजूत करून घेतली आणि नसलेली चूक दुरुस्त करण्यासाठी नळकांडी शेवटापर्यंत वळवली. वर्दी न देणे जितके वाईट, तितकेच ती नेहमीच्या मालात मिसळून देणे वाईट, हा त्या चाळीस सेकंदांचा धडा होय.

याच काळात स्वीडनमध्ये एक निराळा विचार पिकत होता. एरिक्सन ही टेलिफोन यंत्रांची कंपनी. तेथे जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हिर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी १९८६ पासून एरलँग भाषा घडवली. टेलिफोनच्या केंद्रात एकाच वेळी हजारो संभाषणे चालतात. त्यांतले एक तुटले तर तुटो, पण बाकीची चालू राहिली पाहिजेत, ही तिची निकड होती. म्हणून एरलँगने सामाईक कोठीच मोडून टाकली. प्रत्येक कामकऱ्याला स्वतःची शिदोरी दिली आणि बोलायचे ते निरोपांनीच, असे ठरवले. दोन कामकऱ्यांची गाठ बांधता येते; मग एक मेला की दुसऱ्याला त्याची वर्दी आपोआप जाते. काहींनी काम करावयाचे आणि काहींनी केवळ देखरेख करावयाची, अशी विभागणी झाली. कामकरी कोसळला की देखरेख्याने नवा उभा करावयाचा. कोसळणाराने आपले दुखणे आपणच निस्तरत बसू नये, त्याला खुशाल पडू द्यावे, ही आर्मस्ट्राँग यांची शिकवण. ती निष्काळजीपणाची वाटेल, पण तिच्यामागे मोठी काळजी आहे. ज्याचे डोके फिरले त्यालाच आपल्या डोक्याचा इलाज करावयास सांगू नये, असे तिचे म्हणणे. १९९८ साली एरिक्सनने ही भाषा सर्वांना खुली केली.

आता ज्या भाषेसाठी आम्ही ही प्रस्तावना केली, तिच्याकडे वळू. रस्ट ही भाषा ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये स्वतःच्या हौसेने लिहावयास घेतली आणि २००९ पासून मोझिला या संस्थेने तिला आश्रय दिला. कार्यप्रणाली, ब्राउझर, जाळ्यावरील यंत्रणा अशी पायाभूत कामे जिच्यात लिहावीत, अशा जातीची ती भाषा. सीइतकी चपळ, पण सीसारखी पाय घसरू न देणारी, ही तिची प्रतिज्ञा. तिच्या बाळपणी तिच्यावर एरलँगची छाया स्पष्ट होती. कामकरी हलके असत, त्यांच्या गाठी बांधलेल्या असत आणि मूल कोसळले की आईबापही कोसळत. पण एरलँगचे हे वैभव पेलण्यासाठी प्रोग्रॅमच्या पाठीशी एक मोठा कारभारी सतत उभा असावा लागतो. पायाभूत कामांना तो खर्च परवडत नाही. शिवाय सामाईक कोठीत शिरलेल्या आचाऱ्याला बाहेरून वाटेल त्या क्षणी ठार केले, तर त्याच्या हातातली भांडी कोठे पडतील याचा नेम नाही. तेव्हा त्या गाठी सोडण्यात आल्या, हलके कामकरीही गेले आणि कार्यप्रणालीचे साधे धागे उरले. कोसळण्याचे नावही २०१४ मध्ये बदलले. ‘फेल’चे ‘पॅनिक’ झाले.

१५ मे २०१५ रोजी रस्टची १.० ही आवृत्ती निघाली. तिच्यातील व्यवस्था अशी. धागा सुरू केला की सुरू करणाराच्या हाती एक पावती येते. धागा पॅनिक झाला तर तो जाता जाता आपली भांडीकुंडी आवरतो, घेतलेली स्मृती परत करतो, कुलपे उघडतो आणि मगच संपतो. बाकीचे धागे चालूच राहतात. पावती देऊन जॉइन म्हटले की हाती एक बंद लखोटा येतो. त्याचे रंग दोनच. एका रंगाच्या लखोट्यात झालेले काम असते, दुसऱ्यात पॅनिकचा मजकूर. लखोटा उघडून रंग पाहिल्यावाचून आतले काम मिळतच नाही. लखोटा न पाहता टाकून दिला तर भाषांतर करणारा प्रोग्रॅम, म्हणजे कंपायलर, आधीच टोकतो. युनिक्सचे जुने शहाणपण येथे परत आले, आणि आरिआनचा धडाही. मृत्यूची वर्दी कामाचा माल म्हणून वाचली जाणार नाही, अशी सोय भाषेनेच केली. याच सुमाराच्या दुसऱ्या भाषांनी ही वाट धरली नाही. २०११ च्या सी प्लस प्लसमध्ये धाग्याबाहेर चूक निसटली की सबंध प्रोग्रॅम थांबतो. २००९ मध्ये गूगलने जाहीर केलेल्या गो भाषेतही न सावरलेला पॅनिक सर्वांना घेऊन बुडतो.

परंतु धागा गेल्यावर सामाईक कोठीचे काय? म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो त्याचे असते. समजा, कोठीची किल्ली एकावेळी एकाकडेच असते. एक आचारी किल्ली घेऊन आत गेला, डाळीच्या डब्यातून तांदळाच्या डब्यात काहीतरी ओतत होता आणि अर्ध्यात कोसळला. आता दुसऱ्याने आत जावे काय? रस्टमध्ये या किल्लीला म्यूटेक्स म्हणतात आणि असे झाले की ती विषारी झाली असे म्हणतात. पुढे किल्ली मागणाराला कोठी मिळते, पण चुकीच्या रंगाच्या लखोट्यातून. आत एकजण दगावला आहे, डबे तपासून घे, असा तो इशारा. ज्याची छाती असेल त्याने डबे तपासून कोठी वापरावी. या रिवाजावर मतभेद आहेत. बहुतेक लोक डबे न तपासता आपणही पॅनिक होऊन मोकळे होतात, मग हा सोपस्कार कशाला, असे काही जाणत्यांचे म्हणणे आहे. आणि विषाची खूण न ठेवणारी कुलपेही रस्टमध्ये प्रचलित आहेत. आमच्या मते खूण ठेवणेच बरे. न पाहणाराचा त्यात तोटा नाही, पाहणाराचा मात्र लाभ आहे.

१.० निघण्याच्या तोंडावरच एक मनोवेधक प्रसंग घडला. धाग्याला आपल्या घरची भांडी उसनी द्यावीत, पण तो परतेपर्यंत घर मोडू नये, यासाठी दारावर एक पहारेकरी ठेवण्याची युक्ती त्या वेळी भाषेत होती. हा पहारेकरी आपण संपण्यापूर्वी धाग्याची वाट पाहावयाचा. २०१५ च्या एप्रिलमध्ये असे दिसून आले की नियमातला एकही शब्द न मोडता पहारेकऱ्यालाच विसरून जाता येते. मग घर मोडते आणि धागा नसलेल्या घरातली भांडी वापरीत राहतो. प्रकाशनाला काही आठवडे उरले असताना ती सोय काढून टाकण्यात आली. तिची जागा भाषेच्या मूळ ग्रंथालयात सात वर्षे रिकामी राहिली. ११ ऑगस्ट २०२२ रोजी निघालेल्या १.६३ या आवृत्तीत ती नव्या रूपाने परत आली. आता पहारेकरी नाही. घरच असे बांधले आहे की आतले सर्व धागे परतल्यावाचून बाहेरचे दार उघडत नाही. ज्या धाग्याला मालकाने स्वतः जॉइन केले नाही आणि जो आत कोसळला, त्याच्यामुळे दार उघडताना मालकही पॅनिक होतो. वर्दी हरवण्याची वाटच उरली नाही. माणसाच्या आठवणीवर सोपवलेले काम रचनेवर सोपवले, हा या सात वर्षांचा अर्थ.

मग प्रश्न सुटला काय? नाही. पावती हातची टाकून दिली की साधा धागा मोकळा सुटतो. तो कोसळला तर चुकांच्या वहीत एक ओळ उमटते, बाकी कोणाला काही कळत नाही. लखोटा उघडण्याचीही एक आळशी रीत आहे, तिला ‘अनरॅप’ म्हणतात. चूक निघालीच तर येथेच कोसळावे, असा तिचा अर्थ. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी, भारतात सायंकाळचे पाच वाजण्याच्या सुमारास, जगातील असंख्य संकेतस्थळे एकाएकी उघडेनाशी झाली. त्यांची रहदारी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या यंत्रांतून जाते. त्या कंपनीने त्याच दिवशी स्वतः कारण प्रसिद्ध केले. माहितीच्या भांडारातील परवानग्यांत बदल केल्याने एका फाइलीत नोंदी दुबार येऊ लागल्या आणि ती दुपटीने फुगली. ती वाचणाऱ्या रस्ट प्रोग्रॅमात २०० नोंदींची मर्यादा होती. मर्यादा ओलांडली गेली, चुकीचा लखोटा आला, त्यावर अनरॅप केलेले होते, आणि कामकरी धागे पॅनिक होऊ लागले. फाइल दर पाच मिनिटांनी नवी निघे. कधी चांगली, कधी वाईट. त्यामुळे यंत्रणा उठे आणि पुन्हा पडे. हे पाहून तेथील लोकांना प्रथम बाहेरून हल्ला झाल्याचा संशय आला. मुख्य दुरुस्तीला सुमारे तीन तास लागले.

या प्रसंगात भाषेने आपले काम केले होते. धाग्याने दुसऱ्याची स्मृती नासवली नाही, चूक काय ते स्पष्ट सांगितले आणि मगच तो पडला. उणीव होती ती ऐकणाऱ्याची. चूक येऊ शकते असे लखोट्यावर लिहिलेले असताना ती येणारच नाही असे गृहीत धरले गेले. आणि ती आली तेव्हा पडणाऱ्या धाग्यांचा अर्थ लावण्यास वेळ लागला. आरिआनच्या संगणकाने वर्दी चुकीची वाचली. एकोणतीस वर्षांनी तीच चूक क्षणभर माणसांकडून झाली.

युनिक्सने नोंद ठेवली, एडाने सुरुवातीला मौन पाळले, एरलँगने देखरेख्या नेमला आणि रस्टने दोन रंगांचा लखोटा दिला. आज आपल्या गावच्या बँकेचा, रेल्वेच्या तिकिटाचा, इस्पितळातील नोंदींचा व्यवहार अशाच अदृश्य धाग्यांवर चालतो. ते धागे केव्हातरी तुटणारच. न तुटणारा धागा अद्याप कोणी कातलेला नाही. म्हणून अशा यंत्रणा ज्यांच्या हाती आहेत त्यांना नागरिकांनी तीन प्रश्न विचारावेत. कामकरी कोसळला तर कोणाला कळते? जे कळते ते नेहमीच्या मालापासून वेगळे ओळखता येते काय? आणि त्याने अर्धवट टाकलेली कोठी कोण तपासतो? ज्यांच्याजवळ या तिन्हींची उत्तरे तयार असतील, त्यांच्या यंत्रणेवर आपण निर्धास्त विसंबावे. ज्यांच्याजवळ नसतील, त्यांना ती शोधावयास लावणे हे आपले काम आहे.